मर्जीन

जैतुणाचं तेल निघालं की मागे उरतं ते.
काळं, आंबूस, गाळासकट.
स्फाक्सच्या घाण्यांवर त्याला मर्जीन म्हणतात,
आणि कुणाचीच मर्जी नसते त्याच्यावर.

ख्मैस एकवीस वर्षं टँकर हाकतो,
नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रात्रपाळी,
घाण्यापासून शहराबाहेरच्या तळ्यांपर्यंत.
तळी उघडी, उन्हात आटणारी,
वर साय धरते, डांबराच्या रंगाची.
बायकोने त्याच्या सदऱ्यांसाठी
अंगणात वेगळी दोरी बांधलीय.
धाकटी शाळेत सांगते, बाबा तेलाच्या धंद्यात आहेत.
खोटं नाही ते.

मग संस्थेतली मोंजिया आली.
बुटांत वाळू, काखेत वही.
हेक्टरी पन्नास घनमीटर, म्हणाली, वर्षातून एकदाच.
"बाई, विष आहे हे."
"दोनशेला विष. पन्नासला खत."
त्याने मनात हिशेब केला: पाच खेपा.

जमीन दिली सालहाने.
एक हेक्टर, सतरा झाडं,
एकापासून दुसरं चोवीस मीटरवर,
कारण इथे पाऊस सात बोटं पडतो
आणि मुळांना तो वाटून प्यावा लागतो.
माती कसली, वाळूच.
मुठीत घेतली तर मूठ रिकामी होईपर्यंत गळत राहणारी.

पाच खेपा ओतल्या.
महिनाभर वासाने शेळ्यासुद्धा फिरकल्या नाहीत.
तण होतं ते जळून गेलं.
बांधावरून बशीर म्हणाला,
काजळ घातलंस की गं जमिनीला,
दृष्ट लागण्यासारखं काय आहे तिच्यात?

एप्रिलात दक्षिणेचा वारा सुटला.
तीन दिवस.
बशीरचं शेत उठलं आणि हिंडायला गेलं:
विहिरीत, कौलांखाली, शिजत्या भांड्यात,
झोपलेल्या पोरांच्या पापण्यांवर.
सालहाचं शेत जागचं हललं नाही.
मोंजियाने बोटं खुपसली. बारीक बारीक कण,
एकमेकांना धरून बसलेले.
ती वहीत काही लिहू लागली, लांबलचक,
तेव्हा सालहा म्हणाली, त्यात काय एवढं,
कुसकुस वळताना रव्यावर पाणी शिंपडतोच की.
शिंपडायचं. ओतलं तर लगदा.

हे बशीरने ऐकलं नसावं.
किंवा अर्धंच ऐकलं.

पुढच्या हिवाळ्यात तो ख्मैसच्या दारात आला,
तीनशे दिनार, कागदात गुंडाळलेले.
तिला पाच, मला पंधरा.
दोन रात्री, दिवे मालवून,
ख्मैसने पंधरा खेपा रित्या केल्या.
धाकटीच्या दातांना तार बसवायची होती.
घाण्याचा मालक खूश, तळ्याचा पहारेकरी खूश,
मोंजिया ट्युनिसला गेलेली.

जूनमध्ये बशीरच्या झाडांची पानं
टोकांपासून तांबूस व्हायला लागली.
ऑक्टोबरात पाऊस आला, अकरा महिन्यांनी,
आणि त्या शेतावरून घरंगळत निघून गेला,
तव्यावरून थेंब जातो तसा.
अति तेथे माती म्हणतात.
इथे मातीही उरली नाही, नुसता पापुद्रा.

मोंजिया ओरडली नाही.
पापुद्र्याचा एक तुकडा उचलून
तिने ख्मैसच्या हातावर ठेवला
आणि पुढच्या झाडाकडे गेली.
तो बराच वेळ तसाच उभा,
फेकायचा कुठे ते न कळून.

दोन वर्षं या शेताला काही द्यायचं नाही,
नांगर उथळ चालवायचा, पावसाची वाट पाहायची.
जमीन पोटात घालते म्हणे पुष्कळ गोष्टी.
सवड लागते तिला.

बशीर आता बांधावर बोलत नाही.
पैसे त्याने परत मागितले नाहीत,
ख्मैसने दिले नाहीत; ते तारेत गेले.
पण यंदा टँकरच्या दारावर खडूच्या रेघा आहेत,
दर खेपेला एक.
सुट्टीत धाकटी शेजारी बसते आणि मोठ्याने मोजते,
तारेतून शब्द जरा शिटी होऊन बाहेर पडतात.
पाचव्या रेघेनंतर तो झडप आवळतो,
पुन्हा एकदा आवळतो,
आणि उरलेलं तळ्याकडे नेतो.

सदरे अजून वेगळ्याच दोरीवर.